वरच्या मजल्यावरचं स्थळ

त्या प्लंबरला सगळी वस्ती 'आलोच' म्हणायची. आईवडिलांनी ठेवलेलं नावही होतं त्याला, पण ते आता फक्त त्याच्या मोठ्या बहिणीच्या लक्षात होतं आणि तीही ते रागावली तरच वापरायची. प्लंबर फोन उचलत नाहीत अशी लोकांची एरवी तक्रार असते. हा पहिल्या रिंगला उचलायचा, सगळं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घ्यायचा, मधेमधे "अरेरे" म्हणायचा आणि शेवटी "आलोच" म्हणून फोन ठेवायचा. मग त्या घरातली माणसं मुख्य नळ बंद करून, अंघोळी ठेवून, दाराकडे डोळे लावून बसायची. दुपारी पुन्हा फोन केला तर तो म्हणायचा, "वाटेतच आहे." यात खोटं काही नसायचं. तो कायम कुठल्यातरी वाटेत असायचाच.

आळशी म्हणावं तर तसंही नव्हतं. आळशी माणूस कामाला हात लावत नाही. याला कामाला हात लावायला फार आवडायचं. आला की झपाट्याने सगळं उघडायचा, नळाचे भाग फरशीवर मांडायचा, आणि घरातल्यांना 'चला, झालं एकदाचं' असं वाटू लागलं की उठायचा. "एक वायसर घेऊन येतो. आलोच." पिशवी तिथेच ठेवून जायचा, म्हणजे लोकांचा विश्वास बसायचा. अशा त्याच्या पिशव्या आणि पाने अर्ध्या वस्तीत तारण पडलेले होते, आणि तो नवा पाना घेऊन नव्या घरात नवं काम उघडत होता. असल्या माणसावर धड रागावताही येत नाही, कारण रागवायला माणूस समोर लागतो.

लग्नाचंही असंच भिजत घोंगडं. बहिणीने धडपड करून स्थळं आणली, पण मुलगी बघायला वेळेवर पोहोचणं याला कधी जमलं नाही. एका ठिकाणी तो पोहोचला तोवर त्या मुलीचं लग्न होऊन गेलेलं होतं. त्या भल्या लोकांनी त्याला चहा दिला आणि जाताजाता स्वयंपाकघरातला गळका नळ दाखवला. याने तो उघडला आणि वायसर आणायला निघून गेला. त्या दिवशी बहिणीने हात टेकले. "तुझ्यासाठी थांबेल अशी मुलगी या पृथ्वीवर नाही," ती म्हणाली, आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

आता त्या बाईंचं सांगतो. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, एका जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल होती. वर घर नाही, नुसती गच्ची, आणि गच्ची खडखडीत कोरडी. तरी ओल वाढतच होती. आलोच वर्षभर ती ओल 'बघत' होता. एका दुपारी तो त्याच इमारतीत दुसरंच काम उघडून सटकत असताना बाईंनी त्याला जिन्यातच गाठलं. खालची वाट त्यांनी काठी आडवी धरून बंद केलेली.

"तुमच्याकडेच येत होतो," तो म्हणाला. "आधी गच्ची बघतो."

"चला, मी येते."

हा जो सुटला तो दोन-दोन पायऱ्या चढत. मागे काठीचा आवाज येत होता. बाईंचं दार गेलं, गच्चीचं दार गेलं, तरी हा चढतोच आहे. दम लागून थांबला तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात आलं की गच्चीच्या वर जिना नसतो.

समोर एक दार होतं, लोटताच उघडलं. आत एवढा मोठा दिवाणखाना, की त्याची नजर पोहोचेना. संगमरवरी फरशी, सोन्याच्या वेलबुट्टीचे खांब. एका खिडकीतून समुद्र दिसत होता आणि शेजारच्या खिडकीतून बर्फाचा डोंगर. दुसरा कोणी असता तर डोळे फाडून बघत राहिला असता. आलोचने फक्त कान टवकारले. कुठेतरी पाणी टपकत होतं.

आवाजाच्या मागे तो एका बोळात शिरला. तिथे एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्यासमोर सोन्यासारख्या चकचकीत पाइपाखाली बादली ठेवलेली होती.

"पाइप बघायला आलात?" तिने विचारलं.

"हो," तो सवयीने म्हणाला.

"मग बरोबर. ज्याचं इथे काम असतं त्यालाच आमचं दार दिसतं. काम संपलं की दिसायचं बंद होतं."

ती त्या घरातली धाकटी. सगळे तिला तेवढंच म्हणायचे. ती माणसं जादूची होती आणि मरत नव्हती. त्यांच्याकडे काही मोडलं की थोरले काका चुटकी वाजवायचे, आणि ते मोडलेलं नव्यासारखं दिसू लागायचं. दिसू लागायचं एवढंच, मोडलेलं ते मोडलेलंच राहायचं. पाइपाला चीर गेली तेव्हाही चुटकी वाजली, पाइप सोन्याचा झाला, पण पाण्याला दिसण्यातलं काही कळत नसल्यामुळे ते गळतच राहिलं. मग धाकटीला सांगण्यात आलं की तात्पुरती बादली धर. ते 'तात्पुरतं' शतकभर चाललं होतं. भरलेली बादली ती न्हाणीत ओतून यायची, आणि तेवढ्या वेळात जे सांडायचं ते खाली बाईंच्या छतात मुरायचं.

आलोचने पाइप चाचपला, चीर सापडली, आजूबाजूचे जोड सैल केले आणि नेहमीप्रमाणे उठला. "एक कपलिंग लागेल. आलोच."

आठवडा उलटून गेल्यावर तो परत आला. खरं तर त्या वस्तीत तो पहिल्यांदाच स्वतःहून कुठे परत आला होता; का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तोंडावर सबबी तयार होत्या, बहीण आजारी, दुकान बंद. धाकटीने मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला.

"इतक्या लवकर?" ती म्हणाली.

तिने हे मनापासून विचारलं होतं. आलोचला जन्मात कोणी असं म्हटलं नव्हतं. त्याच्या हातातून कपलिंग खाली पडलं, ते घरंगळत बादलीमागे गेलं, आणि ते काढायला दोघं एकदम वाकले. तिथेच त्याचं काय व्हायचं ते झालं.

मग तो रोज जाऊ लागला. काम संपलं की दार दिसायचं बंद होणार, म्हणून काम संपू द्यायचं नव्हतं. आणि काम न संपवणं ही एक विद्या अशी, की त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आज जोड आवळायचा, उद्या 'आटे बसले नाहीत' म्हणून सोडवायचा. मधल्या वेळात दोघं बादलीच्या दोन बाजूंना बसून बोलायचे. म्हातारं होणं म्हणजे नेमकं काय होतं, हे तिला फार जाणून घ्यायचं होतं. तो गुडघ्यांबद्दल सांगायचा आणि ती हसायची. "आमच्यातलं कोणी खाली उतरलं की तेही तुमच्यासारखंच म्हातारं होतं म्हणे," ती एकदा म्हणाली, आणि हे सांगताना तिला भीती वाटत नव्हती. तिच्याकडे घड्याळ नव्हतं, वरच्या मजल्यावर कोणाकडेच नव्हतं. बादली भरली की थोडा वेळ गेला, एवढं तिला कळायचं.

बहिणीच्या कानावर गोष्ट घालायला त्याला बराच धीर लागला.

"मुलीचं वय काय?" बहिणीने विचारलं.

"थोडी मोठी आहे माझ्याहून."

"थोडी म्हणजे?"

"शतकभर तरी."

बहीण पोळपाटाकडे बघत राहिली. भावाच्या वयाला कोण मिळणार, याचा तिने पुष्कळ वर्षं विचार केलेला होता. "बरं," ती शेवटी म्हणाली, "घरचे काय म्हणतात?"

घरच्यांना भेटायला त्याला एकट्यालाच जावं लागलं, कारण बहिणीचं तिथे काम नसल्यामुळे तिला दार दिसेना. दिवाणखान्यात थोरले काका, थोरल्या काकू आणि बरीचशी चुलत मंडळी ओळीने बसली होती. काकांनी एका नक्षीदार खुर्चीकडे हात केला. आलोच बसला तो थेट जमिनीवर. खुर्चीचा पाय कधीचाच गेला होता आणि जागेवर होता तो चुटकीचा पाय. कोणी पडलं की बाकीच्यांनी खिडकीतून समुद्र बघायचा, आणि पडलेल्याने उठून 'काय सुरेख खुर्ची आहे' म्हणायचं, अशी त्या घरची रीत. सगळे समुद्र बघू लागले. धाकटी मागून ओठ हलवून त्याला वाक्य सांगत होती.

"पाय मोडलाय हिचा," आलोच म्हणाला. "बसवून देऊ का?"

चुलत मंडळींत कोणीतरी "शी" म्हणालं.

"मुलगा करतो काय?" काकांनी धाकटीला विचारलं, जसा काही मुलगा तिथे नव्हताच.

"दुरुस्ती."

काकांचा चेहरा असा झाला, की जणू पोरीने चारचौघांत नको तो शब्द काढला. "आपल्याकडे मोडतं काय, की दुरुस्ती लागावी?" बोळातून टपकन आवाज आला. तो ऐकू न येण्याचा सगळ्यांना दांडगा सराव होता.

"ही माणसं मरतात असं ऐकलंय," काकू म्हणाल्या.

"हो," आलोच म्हणाला.

"सगळीच?"

"आतापर्यंत तरी."

"तुमच्या घरात याआधी कोणी?"

"आजोबा, पणजोबा, सगळेच."

काकूंनी नाकाला रुमाल लावला. "म्हणजे घराण्यातच आहे," त्या काकांना हळूच म्हणाल्या. "आपल्याकडे लहान मुलं आहेत. बघून शिकतात."

"आणि ही गेली तर बादली कोण धरणार?" काकांनी मुद्द्याला हात घातला.

"गळत तर काहीच नाही म्हणता ना?" आलोचने विचारलं.

"गळत नाहीच. पण बादली धरायला कोणीतरी लागतंच." काका उठले, म्हणजे भेट संपली. "बघू," ते म्हणाले.

बोळात आल्यावर धाकटीचे पाय जमिनीवर ठरेनात. "बघू म्हणाले! नाही म्हणाले नाहीत." 'बघू' या शब्दावर आलोचने स्वतःची अर्धी हयात काढली होती, त्यात काय असतं आणि काय नसतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर काही दिवसांनी बाईंच्या छताचा पोपडा स्वयंपाकघरात कोसळला. बाई थोडक्यात वाचल्या. त्या छत्री उघडून गॅससमोर उभ्या राहिल्या होत्या आणि दूध तापवत होत्या. आलोचला बघून ओरडल्याही नाहीत. "बघ बाबा, जमलं तर," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर त्याने वेळ मारून नेली असती.

तो वर गेला. धाकटी बादली उचलून न्हाणीकडे निघाली होती, एक खांदा खाली, एक वर. हे रोजचंच होतं आणि त्याला ती चाल आवडायची. त्या दिवशी मात्र तिचा तो खांदा बघून त्याला स्वतःची लाज वाटली. तिला बादलीपाशी बसवलं होतं काकांनी. पण गेले कित्येक दिवस तिथे बसवून ठेवत होता तो स्वतः.

"हे खरंच दुरुस्त होतं का?" तिने परत येऊन विचारलं.

"होतं. पहिल्या दिवशीच झालं असतं." त्याने खरं काय ते सांगून टाकलं. "झालं की मला दार दिसणार नाही, म्हणून केलं नाही."

तिला राग आला नाही. पहिल्या दिवसाला काही फार काळ लोटला असं तिला वाटतच नव्हतं. "मग करून टाक," ती म्हणाली. "बादली नसली तर काकांकडे नाही म्हणायला राहतंच काय? त्यांचा होकार घेते आणि खाली येते. तू जिन्यात थांब."

"होकार कशाला? आत्ताच चल ना."

"घरी न सांगता? लोक काय म्हणतील?" तिने त्याच्या हाताला हात लावला. "वेळ नाही लागणार. आलेच मी."

त्याने चीर गेलेला तुकडा कापून काढला, नवा बसवला, दोन्ही जोडांना टेप गुंडाळून जीव लावून आवळले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काम असं केलं, की पुन्हा बघायला यायची गरज पडू नये. पाणी सोडलं. दोघं वाट बघत राहिले. एक थेंबही पडला नाही. बोळात इतकी शांतता झाली की धाकटी त्याला चिकटून उभी राहिली. मग तो पिशवी घेऊन जिन्यात आला, मागे वळला, आणि मागे गच्चीची कोरडी टाकी होती.

पहिल्या दिवशी तो अंधार पडेपर्यंत पायरीवर बसला. बाईंना वाटलं त्याला पश्चात्ताप झाला आहे. त्यांनी चहा आणून दिला. महिना गेला, वर्ष गेलं. इमारतीच्या पहारेकऱ्याची खोली रिकामी झाली ती त्याने घेतली. ती येईल तेव्हा आपण जागेवर हवं, म्हणून तो बाहेरची कामं भराभर उरकून परत यायचा. बोलावलं की लगेच जायचा, एका बैठकीत काम संपवायचा. लोकांची यात फार पंचाईत झाली. त्याला सकाळची वेळ देऊन लोक खुशाल झोपलेले असत आणि हा दारात हजर. काहींनी तर कंटाळून दुसरा, उशिरा येणारा प्लंबर धरला. 'आलोच' हे नाव मात्र सुटलं नाही.

कधी त्याला तिचा भयंकर राग यायचा. विसरली असेल, नाहीतर काकांनी समजूत घातली असेल. तिला सुनावायची वाक्यं तो मनात जुळवून ठेवायचा. आणि कधी, कोणाच्यातरी घरी नळाखाली आडवं पडलेलं असताना, रिकाम्या बादल्या मांडून आपली वाट बघत बसलेली सगळी घरं त्याच्या डोळ्यासमोर यायची, आणि तेव्हा त्याला कोणावरच रागावता यायचं नाही. बाई गेल्या. त्यांचं छत शेवटपर्यंत कोरडं राहिलं. बहीण थकली, तरी कधीमधी यायची आणि जिन्याकडे बघून म्हणायची, "कुठली रे ही तुझी मुलगी, जिला चार पायऱ्या उतरता येत नाहीत?" मग तीही यायची बंद झाली. आलोचचे केस गेले, उरले ते पिकले. पाना हातात ठरेना तेव्हा त्याने काम सोडलं. आता पायरीवर बसणं एवढंच काम उरलं.

एका दुपारी वरून पावलं वाजली. एक मुलगी हातात बोचकं घेऊन झपझप उतरत आली आणि त्याच्या पायरीपाशी अडली.

"आजोबा, जरा पाय घेता का?"

त्याने पाय घेतले. ती होती तशी होती, केसांचा भांगसुद्धा तसाच.

"इथे एक प्लंबर थांबायचा होता," ती इकडेतिकडे बघत म्हणाली. "काळे केस, हातात पिशवी. तुम्ही पाहिलंत का त्यांना? मला थोडा वेळ लागला, पण एवढाही नाही. उलट आमच्याकडे नावं ठेवतायत, इतक्या घाईने कोणी होकार देतं का म्हणून." तिचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. मग ती खाली वाकून त्याच्याकडे निरखून बघू लागली. "तुम्ही त्यांचे वडील का? नाक अगदी तेच आहे."

"नाही," तो म्हणाला. "मीच तो."

तिने आवाज ओळखला. ती हळूहळू त्याच्या शेजारी पायरीवर बसली. त्याचा हात तिने हातात घेतला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. जुळवून ठेवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"मी नुसती काकांना विचारायला गेले होते," ती म्हणाली.

"हो."

"थेंब पडत नव्हता. किती वेळ गेला ते मला कळलंच नाही."

"काम पक्कं झालं होतं," तो म्हणाला. "नेमकं तेच." त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवावेत असं त्याला वाटलं नाही. "तू परत जा. दार अजून असेल तुला. माझ्यात आता थोडंच उरलंय."

"थोडं म्हणजे किती?"

"ते कोणाला सांगता येतं का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. जन्मात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर ती भीती आली, जी खालच्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर कधी ना कधी येते. ती ताडकन उठली, बोचकं काखेत मारलं आणि त्याच्यापुढे हात केला.

"मग बसलायस काय? ऊठ."

गुडघ्यांवर हात टेकून उठायला त्याला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात ती दोनदा म्हणाली, "चल ना लवकर."